ओटी टेस्ट शेवटच्या नळावर घेतात: नीती आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. उपाध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नीती आयोग, संसद मार्ग, नवी दिल्ली

विषय: शाश्वत विकास ध्येयांचं मोजमाप आणि शहरात समाविष्ट झालेली गावं

स. न. वि. वि.

नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे बघायची एक साधी चाचणी असते. गावात तिला सगळे ओटी टेस्ट म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. नाही आला तर टाकीवर जाऊन टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा हिशोब पुन्हा मांडायचा. ही चाचणी कुठे घ्यायची हे आमच्या जलसुरक्षकाला पाठ होतं: गावातल्या शेवटच्या नळावर. टाकीशेजारच्या घरात रंग येणारच. पाणी लांबवर जाता जाता क्लोरीन उडून जातं, मध्ये कुठे पाइप फुटलेला असला तर गटाराचं पाणी आत शिरतं, आणि ते सगळं कळतं टोकाच्या घरात.

मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची सदस्य होते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीचं काम माझ्याकडे होतं, आणि ओटी टेस्टचं रजिस्टर मी पाच वर्षं रोज तपासून सही केलेलं आहे. होते म्हणते, कारण आता ती ग्रामपंचायत नाही. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावं आली त्यांतलं आमचं एक. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे महापालिकेतून वेगळी निघाली, बाकीचे आम्ही सगळे आता पुणेकर आहोत. घरपट्टी पुण्याची, पत्ता पुण्याचा. या पत्रात जे मागायचं आहे ते मी पुणेकर म्हणूनच मागते आहे.

आमच्या विलीनीकरणानंतर पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२१ ला, आपल्या आयोगाने शहरांचा शाश्वत विकास ध्येये निर्देशांक जाहीर केला, म्हणजे गरिबी, आरोग्य, शिक्षण, पाणी अशा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या ध्येयांकडे कोणतं शहर किती सरकलं याचे शंभरपैकी गुण. ५६ शहरं, ७७ निर्देशक. सिमला पहिलं, कोइमतूर दुसरं, आणि ७१.२१ गुण मिळवून पुणे सातवं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी वाचली तेव्हा आनंदच झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. या शहराने काही गोष्टी खरोखर करून दाखवल्या आहेत. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या कष्टकरी बायांची स्वच्छ सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत करार करून काम करते आहे. आपल्या प्रभागात काय काम व्हावं हे नागरिकाने अर्ज भरून सुचवायची सोय इथे २००६ पासून आहे. सातवा क्रमांक काही आकाशातून पडलेला नाही.

पण मग मी घरात बसून विचार करायला लागले, की या ७१.२१ मध्ये आमचं गाव कुठे आहे. एखाद्या सदस्याला सवयच असते, आकडा दिसला की त्यातली आपली बेरीज शोधायची. निर्देशांकासाठी आकडे घेतले होते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून, गुन्हे नोंद विभागाकडून, शाळांच्या यू-डायसमधून आणि निरनिराळ्या मंत्रालयांच्या पोर्टलवरून. ही माहिती गोळा झाली तेव्हा आम्ही हवेली तालुक्यातलं एक खेडं होतो. म्हणजे पुण्याला सातवा क्रमांक मिळाला तो आमच्याशिवायच्या पुण्याला. तेव्हापासून आजपर्यंत शहरांचा नवा निर्देशांक आलेला नाही. राज्यांचा आला, २०२४ च्या जुलैमध्ये, देशाचे गुण ६६ वरून ७१ झाले. शहराची पाटी मात्र तीच जुनी राहिली, आणि पाटीखालचं शहर जवळजवळ दीडपट झालं.

यात आपल्या आयोगाने काही लपवलं असं मी म्हणत नाही. उपलब्ध होतं ते घेतलं. अडचण मोजण्याच्या पद्धतीत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्हा हे एकक धरून चालतं. पुणे जिल्हा म्हणजे भर शहरातलं कोथरूडही आणि वेल्ह्याच्या डोंगरातली वाडीही. जनगणना तर २०११ नंतर झालेलीच नाही. तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती, आणि दर लाखामागे अमुक दवाखाने, तमुक खाटा असं काहीही काढायचं तर त्याच जुन्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधावा लागतो. त्यानंतर प्रत्येक निर्देशकाचं शून्य ते शंभर या पट्टीवर रूपांतर होतं. लक्ष्य गाठलं तर शंभर. मग ध्येयाची सरासरी, मग सगळ्या ध्येयांची मिळून सरासरी. सरासरीला टाकीजवळचं घर आणि टोकाचं घर सारखंच. एका घरात क्लोरीन जास्त झालं, दुसऱ्यात अजिबात नाही, तरी सरासरीत पाणी शुद्ध निघतं. म्हणून तर गावात कोणी ओटी टेस्टची सरासरी काढत नाही.

आता हे मी आपल्यालाच का लिहिते आहे, महापालिकेला का नाही, असं कोणी विचारेल. महापालिकेलाही लिहिलं आहे, पुन्हा लिहीन. पण शाश्वत विकास ध्येयांच्या बाबतीत देशातली रचना अशी आहे, की मोजमापाचं शेवटचं टोक आपल्या हातात आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत १७ ध्येयं आणि १६९ लक्ष्यं ठरली, भारताने ती स्वीकारली, आणि समन्वयाचं काम आपल्याकडे आलं. सांख्यिकी मंत्रालयाने राष्ट्रीय निर्देशक आराखडा केला, सुरुवातीला ३०६ निर्देशकांचा, आणि ते दरवर्षी २९ जूनला, सांख्यिकी दिनी, त्याचा प्रगती अहवाल काढतात. राज्यांनी आपापले आराखडे केले. संयुक्त राष्ट्रांपुढे आपण २०१७, २०२० आणि २०२५ अशा तीन वेळा या ध्येयांवरच्या देशाच्या प्रगतीचा स्वेच्छा आढावा मांडला. हे काम लहान नाही. इतक्या मोठ्या देशात इतक्या खात्यांना एका तक्त्यात बसवणं म्हणजे काय, हे ज्याने गावात दोन भावकींना एका पाणंद रस्त्यासाठी एकत्र बसवलं आहे त्याला थोडंफार कळतं.

जुन्या नियोजन आयोगाकडे राज्यांना पैसा वाटायचं काम असे. १ जानेवारी २०१५ ला आपला आयोग आला तेव्हा ते काम आपल्याकडे आलं नाही. ना खर्चाचा अधिकार, ना एखाद्या आयुक्ताला आदेश द्यायचा अधिकार. आपण मोजता, क्रमांक लावता, आणि मागे पडलेल्याला लाज वाटून तो पुढे सरकेल, पुढे असलेल्याला उत्साह येईल, यावर सगळं चालतं. याचा अर्थ असा की आपलं मोजणं जिथे थांबतं तिथेच आपला हात थांबतो. ज्या वस्तीचा आकडा आपल्या तक्त्यात नाही, त्या वस्तीपुरता राष्ट्रीय समन्वय झालेलाच नाही. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात महाराष्ट्रासह सात राज्यांची या ध्येयांसाठीची तयारी तपासली होती. त्यातही हेच निघालं होतं, की बऱ्याच निर्देशकांची आकडेवारीच हाताशी नाही. तेव्हा प्रश्न राज्यांच्या पातळीवर होता. आज तो गल्लीच्या पातळीवर येऊन थांबला आहे.

माझी नणंद आमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटर पुढे, सिंहगडाच्या पलीकडच्या अंगाला राहते. ते गाव महापालिकेत आलं नाही. तिथे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नऊ संकल्पना रंगवल्या आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव, आणि पुढच्या. संयुक्त राष्ट्रांच्या १७ ध्येयांना पंचायतराज मंत्रालयाने गावाच्या भाषेत आणलं, ते हे. त्यांची ग्रामसभा दरवर्षी आराखडा करताना यातल्या संकल्पना निवडते. पंचायत प्रगती निर्देशांक आला, देशातल्या दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींना गुण मिळाले. नणंदेच्या गावाला किती मिळाले ते तिला सांगता येतं. त्यांच्या विहिरीचं, टाकीचं, नळांचं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सर्वेक्षण होतं, आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल मिळालं की आरोग्य केंद्राचे डॉक्टर सरपंचाला भर बैठकीत उभं करतात. आमच्या गावाला एका वर्षी पिवळं मिळालं होतं. टाकीभोवती पाणी साचत होतं म्हणून. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही चौथरा बांधून घेतला, चर खणला आणि हिरवं मिळवलं. मला आयुष्यात मिळालेल्या प्रमाणपत्रांत ते हिरवं कार्ड सगळ्यात वरचं.

विलीनीकरणानंतर दप्तर हलवलं गेलं. नमुना आठ, नमुना नऊ, इतिवृत्तं, सगळं ट्रंकेत भरून टेम्पोतून गेलं. ओटी टेस्टची रजिस्टरं कोणी मागितली नाहीत. मी स्वतः ती पिशवीत घालून एका कार्यालयात घेऊन गेले. तिथला माणूस वाईट नव्हता, चहाही विचारला. म्हणाला, “ताई, ग्रामपंचायतच राहिली नाही, आता रजिस्टर कसलं? हे ठेवायला आमच्याकडे खातंच नाही.” आमचा जलसुरक्षक दुसरीकडे कामाला लागला. कार्ड बंद झालं, कारण ते ग्रामपंचायतीला मिळतं. ग्रामसभा बंद झाली, कारण गावच राहिलं नाही. नऊ संकल्पना तर आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. त्या आल्या तोवर आम्ही शहर झालो होतो. आणि शहराच्या ७७ निर्देशकांत आम्ही अजून शिरलेलो नाही. खेड्याच्या मापातून बाहेर पडलो आणि शहराच्या मापात आलो नाही, असे आम्ही मधल्या मध्ये आहोत. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं महापालिकेत प्रशासक होते, निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. म्हणजे सरपंचही नाही आणि नगरसेवकही नाही, अशी ती वर्षं गेली.

त्या वर्षांत काय झालं, ते आपल्याला माहीत आहे, कारण केंद्राचं पथक इथे येऊन गेलं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइयां बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग एक सापडायला लागले. धडधाकट माणसाचे हातपाय एकदम लुळे पडायचे. काही लोक व्हेंटिलेटरवर गेले, काही परत आले नाहीत. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था इथेच पुण्यात आहे, तिथल्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरोव्हायरस निघाले. संशय पाण्यावर गेला. खडकवासल्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता एका विहिरीत येतं आणि नुसतं क्लोरीन टाकून काही गावांना दिलं जातं, हे तेव्हा सगळ्या पुण्याने पहिल्यांदा वाचलं. आम्हाला ते नवीन नव्हतं. मग खासगी आरओ प्रकल्प तपासले गेले, टँकर तपासले गेले, आणि त्यांतलेही कित्येक नमुने पिण्यास अयोग्य ठरले. धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण आमच्याकडे लहानपणापासून ऐकतो. त्या महिन्यात कोरड नव्हती, पाणी होतं. ते प्यायची भीती होती.

त्या दिवसांत राज्याचं आरोग्य खातं रोज संध्याकाळी एक पत्रक काढत असे. त्यात रुग्णांची विभागणी दिलेली असे. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे, आणि यांच्यासोबत एक स्वतंत्र ओळ: महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावं. सगळ्यात मोठा आकडा त्या ओळीत होता. ते पत्रक मी मोबाइलवर बघितलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. साडेतीन वर्षं जी ओळ कोणत्याही तक्त्यात नव्हती, ती आजारपणात दोन दिवसांत तयार झाली. म्हणजे वेगळी मोजणी करता येत होती. कोणाला कायदा बदलावा लागला नाही, सर्वेक्षणाचा निधी मागावा लागला नाही. प्रत्येक रुग्णाचा पत्ता बघून लिहिलं, एवढंच. साथ ओसरली, पत्रक बंद झालं, आणि ती ओळही गेली.

मला आपल्याकडे मागायची आहे ती ही ओळ. शहरांचा पुढचा निर्देशांक काढाल तेव्हा प्रत्येक शहराच्या गुणांखाली, २०११ नंतर समाविष्ट झालेल्या भागाचे गुण वेगळे छापा. पुण्यापुरतं मागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत शहरांच्या हद्दी कुठे कुठे वाढल्या त्याची यादी आपल्याकडे आमच्यापेक्षा चांगली असेल. ज्या निर्देशकाचा असा वेगळा आकडा मिळत नसेल तिथे रकाना कोरा ठेवा, पण कोरा दिसू द्या. कोऱ्या रकान्याबद्दल आयुक्तांना प्रश्न विचारता येतो. सरासरीत विरघळलेल्या गावाबद्दल काय विचारणार?

आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या वर्षाचा आहे आणि जिल्ह्याचा आहे की शहराचा, हे त्याच पानावर लिहा. परिशिष्टात नको. परिशिष्टापर्यंत आमच्यासारखी माणसं पोचत नाहीत आणि पेपरवालेही पोचत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ते माझं काम होतं. सहाव्या ध्येयाखाली नळजोडणी मोजली जाते, शौचालय मोजलं जातं. नळ आहे का याचं उत्तर आमच्या गावात हो असं येईल. त्या नळाला काय येतं, किती वेळ येतं, आणि टोकाच्या घरात क्लोरीन आहे का, हे मोजा. चाचणीला काही मिनिटं लागतात. खर्च इतका थोडा की आमची ग्रामपंचायत तो विनातक्रार करायची. प्रत्येक प्रभागातल्या सगळ्यात लांबच्या नळाचा निकाल रोज प्रभाग कार्यालयाबाहेर फळ्यावर लागला पाहिजे, आणि वर्षभरात किती दिवस पिवळा रंग आला नाही हा आकडा थेट आपल्या डॅशबोर्डवर गेला पाहिजे. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्याही यात धरा. आमच्या पट्ट्यात वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांचं पाणी टँकरने येतं. हे नळजोडणीच्या कोणत्या रकान्यात बसतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी दोन ठिकाणी लेखी विचारलं होतं. दोन्हीकडून उत्तर आलं, की विषय दुसऱ्या कार्यालयाचा आहे.

हे दुसऱ्या कार्यालयाचं दुखणं एकट्या पाण्याचं नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा प्रकल्प घ्या, ज्याला इथे सगळे जायका म्हणतात. केंद्राच्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून, जपानच्या कर्जावर, २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाला. ९९० कोटी २६ लाख रुपये, ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, आणि जानेवारी २०२२ पर्यंत पुरं व्हायचं होतं. मुदत कधीच उलटून गेली. मंजुरी झाली तेव्हा आमची गावं हद्दीबाहेर होती, आज आमचे ओढे त्याच नदीला मिळतात. हवेसाठी २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आहे, त्यात पुणे आहे, त्याचं पोर्टल वेगळं. शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या अमृत योजनेचं वेगळं. स्वच्छ सर्वेक्षणाचं वेगळं. प्रत्येकाला महापालिकेतला निराळा अधिकारी माहिती भरून पाठवतो, प्रत्येकाची पुण्याची हद्द थोडी निराळी असते, आणि ही सगळी माहिती एका टेबलावर ठेवून कोणी विचारत नाही की नदी, हवा, कचरा, पाणी मिळून या गावाचं काय चाललं आहे. सरपंचाच्या टेबलावर ते सगळं एकत्र येत असे, कारण टेबल एकच होतं. हे मी हसण्यावारी नेण्यासाठी लिहीत नाही. छोट्या ग्रामपंचायतीचा तो खरा गुण होता, आणि मोठ्या शहरात तो मुद्दाम घडवून आणावा लागेल.

त्यासाठी नवी समिती नको. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात, आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा, असं आधीच लिहिलेलं आहे. त्याच अहवालाला ध्येयांचा प्रभागनिहाय तक्ता जोडायला सांगा. त्याच कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे: मतदारांची लहान सभा, ग्रामसभेची शहरातली बहीण. ती क्वचितच होते. प्रभागाचा तक्ता तिथे मोठ्याने वाचला गेला तर निम्मं काम तिथेच होईल. माझा ग्रामसभेचा अनुभव सांगते: आकडा कागदावर असतो तोवर कोणी बोलत नाही. वाचून दाखवला की मागच्या रांगेतली बाई उठते आणि म्हणते, आमच्या आळीत तर तीन दिवस पाणी नाही. मग तो आकडा दुरुस्त होतो. भोपाळने २०२३ मध्ये शहर पातळीवरचा स्वेच्छा आढावा तयार केला, तसं करणारं ते देशातलं पहिलं शहर. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. इथे माणसांची उणीव नाही. आपल्याकडून एक पत्र आलं तर महापालिकेला नाही म्हणणं अवघड जाईल.

कोणी म्हणेल, इतक्या खोलात जाऊन देशपातळीवर मोजणं व्यवहार्य नाही. पण आपणच ते करून दाखवलं आहे. ईशान्येकडच्या राज्यांसाठी २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपण जिल्ह्यांचा निर्देशांक काढला, १०३ जिल्ह्यांचा, आणि तिथले डोंगर आमच्या सिंहगड रस्त्यापेक्षा नक्कीच अवघड आहेत. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या कार्यक्रमात ११२ जिल्हे, ४९ निर्देशक, आणि दर महिन्याला कोण किती पुढे सरकला याचा क्रम. आपल्या राज्यातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव त्यात आहेत. त्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे किती वर आहात यापेक्षा गेल्या महिन्यापासून किती सरकलात याला मान आहे. समाविष्ट गावांना हेच माप लावा. आम्हाला कोथरूडशी स्पर्धा करायची नाही. ३० जून २०२१ ला आमच्याकडे काय होतं आणि आज काय आहे, एवढं समोर आलं तरी पुरे.

आणि यातच माझी शेवटची मागणी येते. यापुढे देशात कुठेही गाव शहरात घ्यायचं तर विलीनीकरणाच्या दिवशीची त्याची स्थिती नोंदवल्याशिवाय घेऊ नये, असा दंडक आपण राज्यांना सुचवावा. शाळा किती, अंगणवाडीत मुलं किती, पाण्याचं कार्ड कोणत्या रंगाचं, शेवटच्या नळावर क्लोरीन किती. पंचायत प्रगती निर्देशांकामुळे यातलं बरंचसं आता प्रत्येक गावाचं तयारच असतं. ते गावासोबत शहरात यावं आणि शहराच्या तक्त्यात त्याची पहिली नोंद व्हावी. मुलगी सासरी जाते तेव्हा तिचा शाळेचा दाखला तिच्यासोबत जातो. आमच्या गावाचा दाखला टेम्पोत चढलाच नाही.

हे आत्ता मागायला कारण आहे. जनगणना होते आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सोळा वर्षांनी पहिल्यांदा आमची घरं पुण्याची म्हणून मोजली जातील. ध्येयांची मुदत २०३० ची. मध्ये उरतात जेमतेम तीन वर्षं. जनगणनेचे तक्ते तयार होताना जुनी हद्द आणि समाविष्ट हद्द वेगळी काढायची असेल तर ते आधी सांगावं लागतं, नंतर सांगून होत नाही. सांख्यिकी मंत्रालय आणि जनगणना आयुक्तांशी आपला आयोग हे बोलू शकतो. मी बोलू शकत नाही.

सोबत ओटी टेस्टच्या शेवटच्या रजिस्टरातल्या शेवटच्या पानाची प्रत जोडली आहे. २९ जून २०२१ ची नोंद आहे, शेरा ‘रंग आला’, खाली जलसुरक्षकाची आणि माझी सही. ज्या घरातून तो नमुना घेतला होता तिथल्या आजी अजून तिथेच राहतात. आपल्यापैकी कोणी पुण्यात आलात तर मी त्यांच्या घरी घेऊन जाईन. पाणी दिवसाआड येतं, सकाळी सहाला, पाऊण तास. त्या वेळेत यावं लागेल.

आपली नम्र,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
पुणे महापालिकेत २०२१ साली समाविष्ट झालेल्या एका गावातून